हा माणूस कुणाचा? अप्पासाहेब पंतांची कारकीर्द आणि राजदूताचं काम

१. राजदूत दिवसभर करतो तरी काय?

सोलापुरात पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रावर कागद घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला विचारलं, की तुझा परराष्ट्र खात्याशी काय संबंध, तर तो बहुधा म्हणेल, काहीच नाही. परराष्ट्र खातं म्हणजे टीव्हीवर दिसणारे हस्तांदोलनाचे फोटो, आणि राजदूत म्हणजे मेजवान्या झोडणारा, बंद गळ्याचा कोट घालणारा कुणी साहेब, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. पण हातातला अर्ज ज्या खात्याकडे चालला आहे, ते परराष्ट्र खातंच असतं. पासपोर्ट देणं, परदेशी कामाला जाणाऱ्या मजुराला परवानगी देणं, तो तिकडे अडकला तर त्याला सोडवणं, आणि त्या देशाशी युद्धाची वेळ आली तर दोन्हीकडच्या हालचालींचा अंदाज बांधणं, ही सगळी कामं एकाच नोकरीतली माणसं आलटून पालटून करतात. तेव्हा वाचकाच्या मनात खरा प्रश्न येतो तो असा, की आज वकिलातीत बसलेला माणूस उद्या स्थलांतराचं धोरण ठरवतो आणि परवा सीमेच्या सुरक्षेकडे बघतो, हे कसं काय? ही तर तीन वेगळी शास्त्रं झाली.

आधी वकिलातीची रचना बघू. परदेशातल्या कुठल्याही भारतीय दूतावासात ढोबळपणे तीन कामं चालतात. पहिलं राजकीय, म्हणजे तिथल्या सरकारशी बोलणं आणि त्या बोलण्याचा अर्थ दिल्लीला कळवणं. दुसरं माणसांचं, म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, जन्ममृत्यूच्या नोंदी, तुरुंगातल्या भारतीयाची भेट, मृतदेह मायदेशी पाठवणं. तिसरं काम बंद दाराआडचं: लष्करी प्रतिनिधी, सुरक्षेची माहिती, धोक्याचे अंदाज. (राष्ट्रकुलातल्या देशांत याच कचेरीला उच्चायुक्तालय म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला उच्चायुक्त, काम तेच.) सोलापूरच्या माणसाला इथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणार, आणि ते साहजिक आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि भारत-चीन मैत्रीची कुठलीही गोष्ट आजही त्यांच्या नावावाचून पुरी होत नाही. पण कोटणीस राजदूत नव्हते. ते जखमी सैनिकाचा पाय वाचवू शकत होते. एखाद्या माणसाला 'हा आमचा' असं सांगणारा कागद मात्र देऊ शकत नव्हते. तो अधिकार देशाच्या वतीने बोलणाऱ्याचा असतो. वरच्या तिन्ही कामांच्या मुळाशी हाच अधिकार आहे, आणि त्यामागचा प्रश्नही एकच आहे: समोरचा माणूस कुणाचा, आणि त्याच्यासाठी सरकार कुठवर जाणार?

हा प्रश्न एका नेमणुकीत संपत नाही. राजदूताने एका देशात दिलेलं उत्तर पंधरा-वीस वर्षांनी दुसऱ्याच देशात त्याच्याच टेबलावर येऊन पडू शकतं. महाराष्ट्रातल्या एका माणसाच्या बाबतीत हे इतकं स्वच्छ घडलं, की सगळी गोष्ट त्याच्या कारकिर्दीवरून समजून घेता येते. तो माणूस म्हणजे औंधचे अप्पासाहेब पंत.

२. आटपाडी, औंध आणि नेहरूंची निवड

औंध संस्थान म्हणजे एका जागी नसलेलं, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं बहात्तर गावांचं राज्य. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, कुंडल आणि आटपाडी सांगलीत. यातलं आटपाडी आपल्या सांगोल्याला अगदी लागून आहे. दुष्काळ, माणदेशी मेंढरं आणि कामासाठी गाव सोडणारी माणसं दोन्हीकडे सारखीच. अप्पासाहेबांचे वडील भवानराव पंतप्रतिनिधी यांना लोक सूर्यनमस्कारांचे प्रसारक म्हणून ओळखतात, पण त्यांचं त्याहून मोठं काम वेगळंच आहे. १९३८ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने घडलेली राज्यघटना लागू केली. या खटपटीत मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता होता, आणि नुकताच ऑक्सफर्डहून शिकून, बॅरिस्टर होऊन परतलेला राजपुत्र अप्पासाहेबही होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी राहिली तीही याच काळात, पुढे ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला 'दो आंखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला.

हे सगळं राजदूताच्या गोष्टीत कशाला? तर सत्ता सोडणं म्हणजे काय, हे या माणसाने घरात पाहिलं होतं म्हणून. वसाहती मोडायला निघालेल्या जगात भारताची बाजू मांडायला अशा माणसाची निवड होणं हा निव्वळ योगायोग नव्हता. भारतीय परराष्ट्र सेवा स्थापण्याचा निर्णय ऑक्टोबर १९४६ चा. सुरुवातीच्या वर्षांत तिच्यात जुने आयसीएस अधिकारी होते, राजकारणी होते, संस्थानिकांची मुलंही होती. मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि त्याच वर्षी औंधचा हा माजी पंतप्रधान पूर्व आफ्रिकेत भारताचा आयुक्त म्हणून नैरोबीला गेला.

३. नैरोबी: 'तुम्ही इथलेच व्हा'

पूर्व आफ्रिकेत भारतीय कसे पोचले हे आधी बघायला हवं. १८९६ पासून ब्रिटिशांनी मोंबासाहून युगांडाकडे रेल्वे घातली, त्यासाठी तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून नेले. बरेचसे परत आले, काही हजार तिथेच राहिले. पाठोपाठ गुजराती दुकानदार गेले, गोव्याचे कारकून गेले, मराठी माणसंही गेली. १९४८ पर्यंत एकट्या केनियात भारतीयांची संख्या लाखाच्या आसपास होती. वर गोरे, खाली आफ्रिकी आणि मध्ये भारतीय, अशी ती उतरंड. जमीन गोऱ्यांकडे, दुकान भारतीयांकडे. आफ्रिकी माणसाला रोज तोंड द्यावं लागे ते दुकानदाराला. त्यामुळे राग साठत होता तो मधल्या पायरीवर. नवा भारत देश आपल्या पाठीशी उभा राहील, आपल्या हक्कांसाठी भांडेल, अशी या मधल्या पायरीची अपेक्षा होती.

नेहरूंनी दिलेलं उत्तर त्यांना न आवडणारं होतं. आफ्रिका आफ्रिकी लोकांची. भारतीयांनी तिथे राहायचं तर त्यांच्यासोबत राहावं, वेगळे हक्क मागू नयेत, आणि नागरिकत्व कुठलं हवं ते ठरवून टाकावं, असा या धोरणाचा सारांश होता. ते नैरोबीत पोचवण्याचं काम पंतांचं. त्यांनी ते नुसतं पोचवलं नाही, अंगावर घेतलं. केन्याटा आणि कोइनांगे यांच्यासारख्या आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी मैत्री केली. त्या काळात भारत सरकारने आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या दिल्या. ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात ब्रिटिशांविरुद्धच्या बंडामुळे आणीबाणी लागली आणि केन्याटांवर कापेनगुरियात खटला भरला गेला, तेव्हा बचावासाठी दिल्लीहून दिवाण चमनलाल आले, आणि मूळ गोव्याचे फिट्झ डिसूझा यांच्यासारखे तिथलेच वकील उभे राहिले. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हे सगळं असह्य होतं. भारताचा आयुक्त बंडखोरांना फूस देतो, अशी तक्रार दिल्लीकडे जात राहिली आणि १९५४ मध्ये पंतांनी नैरोबी सोडली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. एका सरकारला नकोसा झालेला माणूस दुसऱ्याला किती हवासा असतो, हे यावरून कळतं. राजदूताच्या व्यवसायात हे अधूनमधून घडतंच.

आता नैरोबीत ठरलेली ती गोष्ट लक्षात ठेवायची. तिथला भारतीय वंशाचा माणूस भारताचा नागरिक मानायचा नाही. तो तिथला व्हावा, आणि होईपर्यंत ब्रिटनचा. कारण १९४८ च्या ब्रिटिश कायद्याने वसाहतींतली माणसं 'युनायटेड किंगडम आणि वसाहतींचे नागरिक' ठरली होती. तेव्हा हे वर्गीकरण कागदावरचं वाटत होतं.

४. गंगटोक: सीमेवर बसलेला राजदूत

१९५५ मध्ये पंत सिक्कीम आणि भूतानसाठीचे 'पोलिटिकल ऑफिसर' म्हणून गंगटोकला गेले आणि १९६१ पर्यंत तिथे राहिले. हे पद ब्रिटिशांच्या काळातलं, आणि त्याचं स्वरूप आज समजायला अवघड आहे. सिक्कीम १९५० च्या तहाने भारताचं संरक्षित राज्य होतं, त्याचं संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार दिल्लीकडे. भूतान १९४९ च्या तहानुसार परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला घेई. आणि पलीकडे तिबेटमधलं ल्हासाचं भारतीय वकिलातीचं कार्यालय, यातुंग आणि ग्यांत्से इथल्या व्यापारी कचेऱ्या, यांची देखरेखही गंगटोकहूनच होई. म्हणजे हा अधिकारी एका अर्थी राजदूत, एका अर्थी सीमेचा राखणदार. सहा महिन्यांनी तिबेटमधून चीनचा रस्ता कुठवर येईल आणि त्या रस्त्यावरून काय येईल, याचा अंदाज त्याने बांधायचा होता.

सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते. गंगटोकच्या सुरक्षेत मात्र माणसांची ये-जा मोजणं हेच मोठं काम होतं. खिंडीतून लोकर घेऊन येणारा व्यापारी, मठाला जाणारा भिक्षू, तिबेटातून पळून आलेलं कुटुंब. यातला कोण पाहुणा, कोण निर्वासित आणि कोण हेर, हे ठरवणं एकाच वेळी स्थलांतराचंही काम होतं आणि संरक्षणाचंही. १९५६ च्या अखेरीस दलाई लामा बुद्धजयंतीच्या सोहळ्यासाठी नथू ला ही खिंड ओलांडून सिक्कीममधूनच भारतात आले. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले, तेव्हा मोटारीचा रस्ताच नव्हता. नथू लाहून चुंबी खोऱ्यातून, म्हणजे चीनच्या ताब्यातल्या प्रदेशातून, घोड्यांवरून ते पारोला पोचले. मार्च १९५९ मध्ये दलाई लामांना कायमचं यावं लागलं ते पूर्वेकडून, नेफाच्या म्हणजे आजच्या अरुणाचलच्या बाजूने. पण निर्वासितांची रांग सिक्कीम आणि भूतानच्या वाटांवरही लागली. या माणसांना आसरा द्यायचा, पण त्यांच्या निर्वासित सरकारला मान्यता द्यायची नाही, ही भारताने घेतलेली भूमिका म्हणजे पुन्हा 'हा माणूस कुणाचा' याच प्रश्नाचं बेतून दिलेलं उत्तर होतं.

५. मधली ठाणी

इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त या नेमणुकांकडे इथे भराभर बघू. सप्टेंबर १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत इस्राएल आणि तैवानला डावलल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली, आणि चिडलेल्या जमावाने भारतीय वकिलातीवरच हल्ला केला. पंत तिथे राजदूत होते. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात सगळं मैदान भारताच्या विरोधात ओरडत असताना भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवलं, एवढं मात्र सांगायलाच हवं. वकिलातीच्या इमारतीत यजमान देशाने परवानगीशिवाय शिरायचं नाही आणि तिचं रक्षण करायचं, हा नियम १९६१ च्या व्हिएन्ना कराराने लिहून ठेवलेला आहे. तो नियम जमाव वाचत नाही. पंत कैरोत असताना, १९६७ च्या जूनमध्ये, इस्राएल-अरब युद्ध झालं. गाझात संयुक्त राष्ट्रांच्या दलात असलेले भारतीय जवान त्यात मारले गेले, आणि सुएझ कालवा १९७५ पर्यंत बंद राहिला. नॉर्वेविषयी या प्रकरणापुरतं सांगण्यासारखं काही नाही.

६. लंडन: नैरोबीचं उत्तर परत येतं

१९६९ मध्ये पंत लंडनला उच्चायुक्त म्हणून आले. मधल्या काळात केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला होता आणि तिथल्या भारतीयांना केनियाचं नागरिकत्व घ्यायला दोन वर्षं मिळाली होती. बहुसंख्यांनी ते घेतलं नाही. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, आणि तो नव्या देशाच्या कागदापेक्षा त्यांना भक्कम वाटला. १९६७ मध्ये केनियाने परक्या नागरिकांना कामाचे परवाने लागू केले आणि हे लोक लंडनची विमानं धरू लागले. घाबरलेल्या ब्रिटनने १९६८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवसांत एक कायदा उरकून घेतला: पासपोर्ट ब्रिटिश असला तरी, धारकाचा किंवा त्याच्या आईबापाचा वा आजीआजोबांचा ब्रिटनच्या भूमीशी जन्माने किंवा तशाच नात्याने संबंध नसेल तर, त्याला येण्याचा हक्क नाही. वर्षाला पंधराशे कुटुंबप्रमुखांना खास परवाने. १९७१ मध्ये हा आकडा तीन हजार केला. बाकीच्यांनी थांबायचं.

ही स्थिती समजायला आपल्याकडचं रेशनकार्ड आठवावं. कार्ड हातात आहे, शिक्का खरा आहे, पण दुकानदार म्हणतो, तुझं धान्य या दुकानातून मिळत नाही. आणि गावात दुसरं दुकान नाही. नागरिकत्वाचे दोन भाग असतात, देश तुम्हाला आपलं म्हणतो तो एक, आणि देश तुम्हाला दारातून आत घेतो तो दुसरा. सामान्य माणसाला हे दोन्ही एकच वाटतात, कारण त्याच्या बाबतीत ते कधी वेगळे झालेले नसतात. १९६८ च्या कायद्याने ते वेगळे केले. विमानतळावरून परत पाठवलेली, एका देशातून दुसऱ्या देशात फिरवली जाणारी माणसं त्या वर्षांत युरोपभर दिसत होती.

या माणसांविषयी भारताची भूमिका होती, की ही तुमची माणसं, तुमच्या पासपोर्टवरची, जबाबदारी तुमची. लंडनमध्ये ती मांडणारी कचेरी पंतांची. वीस वर्षांपूर्वी नैरोबीत ज्यांना 'इथले व्हा' असं सांगितलं होतं, त्यांचाच हा दुसरा अंक. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, ते पंतांच्या लंडनमधल्या मुदतीच्या अगदी शेवटी. ब्रिटनने अखेर सत्तावीस हजारांच्या वर माणसं आत घेतली. भारताने काही हजारांना आसरा दिला, पण जबाबदारी ब्रिटनची हे म्हणणं सोडलं नाही.

याच लंडनच्या काळात १९७१ सालही येतं, आणि इथे तिन्ही कामं एकमेकांत इतकी मिसळतात की सोडवून दाखवता येत नाहीत. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. भारताने जगाला सांगितलं, की हा पाकिस्तानचा अंतर्गत मामला उरलेला नाही. शेजारी देश आपले एक कोटी नागरिक आमच्या हद्दीत ढकलतो तेव्हा तो आमच्या सुरक्षेचा प्रश्न होतो. निर्वासितांची मोजदाद हाच भारताचा सगळ्यात मोठा राजनैतिक पुरावा होता. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधी पाश्चात्त्य राजधान्या फिरल्या, त्यात लंडन होतं. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले बंगाली तिथे बांगलादेशासाठी मोर्चे काढत होते. म्हणजे एका जुन्या स्थलांतराने नव्या स्थलांतराची बाजू घेतली होती. डिसेंबरमध्ये युद्ध झालं, आणि पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीबुर रहमान ८ जानेवारी १९७२ ला आधी लंडनला उतरले, मग ब्रिटिश हवाई दलाच्या विमानाने दिल्लीमार्गे ढाक्याला गेले. ज्या उच्चायुक्ताला निर्वासितांचे आकडे आणि सैन्याच्या हालचाली यांतलं नातं कळत नव्हतं, त्याला त्या वर्षी लंडनमध्ये काही करता आलं नसतं. पंतांना ते गंगटोकने शिकवलेलं होतं.

७. तीन हरकती

पहिली हरकत अशी, की पंतांनी नैरोबीत केलं ती ढवळाढवळच होती. यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात राजदूताने पडू नये, असं व्हिएन्ना करारही सांगतो. हरकत बरीचशी खरी आहे. करार नंतरचा, पण संकेत तेव्हाही होता, आणि पंतांनी तो ताणला. बचावात एवढंच म्हणता येईल, की त्या देशाचं 'अंतर्गत' ठरवणारं सरकार तिथल्या बहुसंख्य लोकांचं नव्हतं, आणि तुरुंगात टाकलेले केन्याटा अकरा वर्षांनी स्वतंत्र केनियाचे पंतप्रधान झाले. भारताला आफ्रिकेत जी पत मिळाली तिचा पाया त्या वर्षांत आहे. तरी ती पत केनियातल्या दुकानदाराच्या उपयोगी पडली नाही, हेही खरंच.

दुसरी हरकत त्यातूनच येते आणि ती जास्त वजनदार आहे. नेहरूंच्या धोरणाने आपल्याच माणसांना वाऱ्यावर सोडलं नाही का? त्यांना आधीच भारतीय नागरिक केलं असतं तर? इथे पुरावे बघायला हवेत. अमीनच्या हुकमात ब्रिटिश नागरिकांबरोबर भारताचे नागरिकही होते. भारतीय पासपोर्टने हकालपट्टी टळली नसती. ब्रह्मदेशात १९६४ नंतर ने विनच्या राजवटीने धंदे ताब्यात घेतले तेव्हा लाखांनी भारतीय रिकाम्या हातांनी परतले. पाठीशी मोठा देश असूनही त्यांची मालमत्ता वाचली नाही. म्हणजे नागरिकत्वाच्या शिक्क्याने रक्षण झालंच असतं असं नाही. शिवाय शंभर वर्षं परक्या मातीत राहून 'आम्ही वेगळे' असं म्हणत राहण्याने राग वाढलाच असता. मात्र एक गोष्ट शिक्क्याने नक्की झाली असती: परतायला दार उघडं राहिलं असतं, रांगेत उभं राहावं लागलं नसतं. धोरणाची दिशा बरोबर होती, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग कुणी लिहिलाच नाही. 'तिथले व्हा' असं सांगताना, होता नाही आलं तर काय, याचं उत्तर तयार नव्हतं. तो अर्धा भाग भारताने पुष्कळ उशिरा लिहिला. १९९० मध्ये कुवेतमधून एक लाखाच्या वर माणसं विमानाने परत आणली, २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस सुरू झाला, २००५ मध्ये भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठी ओसीआय कार्ड आलं, २००९ मध्ये अडचणीतल्या भारतीयांसाठी वकिलातींमध्ये कल्याण निधी उभा राहिला.

तिसरी हरकत व्यवस्थापनाची आहे: दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाला कुठल्याच विषयाचं खोल ज्ञान होत नाही, मग स्थलांतराला वेगळे तज्ज्ञ, सुरक्षेला वेगळे तज्ज्ञ का नकोत? ते हवेतच, आणि आहेतही. भारतात येणाऱ्या परदेशी माणसाची बाजू गृहखात्याकडे असते, विमानतळावरचा इमिग्रेशनचा अधिकारी त्याच खात्याचा. बाहेर जाणाऱ्या भारतीयाची बाजू परराष्ट्र खात्याकडे. पण तज्ज्ञाला आपला विषय कुठे संपतो हे दिसतं, दुसऱ्याचा कुठे सुरू होतो ते दिसत नाही. नैरोबी, गंगटोक आणि लंडन तीन वेगळ्या तज्ज्ञांनी सांभाळलं असतं तर तिन्ही फायली नेटक्या राहिल्या असत्या, आणि त्या एकच फाईल आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नसतं.

८. आजची रांग

आपल्याच भागातल्या अलीकडच्या एका अधिकाऱ्याची वाट याच तीन कामांतून गेलेली दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले. तोक्यो, मॉस्को, दमास्कस अशा नेमणुकांनंतर ते मालदीवला उच्चायुक्त असताना, फेब्रुवारी २०१३ मध्ये माजी अध्यक्ष महंमद नशीद अटक टाळण्यासाठी भारतीय उच्चायुक्तालयात शिरले आणि दहा दिवस तिथेच राहिले. बाहेर पोलीस, आत एक माजी राष्ट्राध्यक्ष. पुढे न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झालेल्या मुळ्यांकडे २०१६ नंतर दिल्लीत पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशस्थ भारतीयांच्या कारभाराचं सचिवपद आलं. पोस्टात पासपोर्ट केंद्रं उघडण्याची मोहीम त्यांच्याच काळातली. त्याआधी सोलापूरकराला पासपोर्टसाठी पुणं गाठावं लागे.

या कारभाराचं काम कसं चालतं ते एका उदाहरणावरून बघू. समजा, अक्कलकोटचा नववीपर्यंत शिकलेला एक तरुण कुवेतला ड्रायव्हर म्हणून निघाला. १९८३ च्या स्थलांतर कायद्याने, दहावी न झालेल्या माणसाला ठराविक अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. त्याने नोंदणीकृत एजंटकडून जायचं, एजंटने तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, करार 'ई-मायग्रेट' या सरकारी संगणकप्रणालीवर चढवायचा, दहा लाखांचा विमा काढायचा. हे सगळं झालं, की कुवेतमधल्या वकिलातीला त्याचं नाव, मालक आणि पगार माहीत असतो. आता समजा, त्याला घाई आहे, आणि दुसरा एजंट म्हणतो, भेटीच्या व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बघू. तो पोचतो, मालक पासपोर्ट काढून घेतो, पगार थांबतो. वकिलात त्याला आसरा देते, तात्पुरता प्रवासाचा कागद करून देते, तिकिटालाही मदत करते. पण त्याने तक्रार करेपर्यंत तो त्या देशात आहे हेच तिला ठाऊक नसतं. आणि युद्ध पेटलं तर? २०१५ मध्ये येमेनमधून साडेचार हजारांच्या वर भारतीय बाहेर काढले, तेव्हा सगळ्यात पहिली गरज होती ती कोण कुठे आहे या यादीची. जी परवानगी त्या तरुणाला नुसती कटकट वाटते, तीच युद्धाच्या दिवशी सुरक्षेची यादी होते.

१९८३ च्या चाळणीची भोकं मात्र आता चुकीच्या जागी आहेत. तिचा हिशेब असा, की न शिकलेला फसतो आणि शिकलेला सांभाळून घेतो. गेल्या काही वर्षांत कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत जी भारतीय मुलं अडकली, त्यांतली कितीतरी शिकलेली, संगणक येणारी होती. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून ती गेली. हे देश त्या अठरांच्या यादीत नाहीत, आणि या मुलांच्या पासपोर्टवर परवानगीची अटही नाही. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे पाचशेहून अधिक जणांना परत आणलं, आणि उतरल्यावर त्यांची चौकशी सुरू झाली. कारण त्यांतल्या कुणी भारतातल्याच एखाद्या निवृत्त शिक्षकाला फोनवरून लुबाडलेलं असू शकतं, मारहाणीच्या भीतीने का होईना. त्याला पीडित म्हणून घरी सोडायचं की आरोपी म्हणून न्यायालयात उभं करायचं, हे ठरवताना बँकॉकची वकिलात, दिल्लीतला परराष्ट्र खात्याचा स्थलांतर विभाग आणि गृहखात्याची सायबर शाखा यांना एकाच टेबलावर बसावं लागतं. १९८३ चा कायदा बदलण्याचा मसुदा २०२१ मध्येच लोकांपुढे ठेवला गेला होता. अशा माणसासाठी त्यात वेगळी खिडकी असावी की नाही, हा वाद दहावीच्या अटीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.